गादीचं कापड आणि दहा ग्रेन

सुलू, आज तुझं नाव कमी करायला गेलो होतो.

रेशनकार्डावरून नव्हे, ते काम आपल्या लेकीनं, प्राचीनं, परस्पर उरकलं. आज रायफलच्या परवान्यावरून. खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "काका, कोणाचं नाव काढायचंय? पहिलं की दुसरं?" म्हटलं, "पहिलं." "पहिलं तर बाईमाणसाचं आहे." म्हटलं, "हो. बंदूक ती चालवायची. मी दारू मोजायचो." मागे उभा असलेला एक जण फिसकन हसला. मग मी आपला "बंदुकीची दारू हो, काळी पूड असते ती" असं समजवायला गेलो आणि मध्येच आवाज फुटेना. त्या बाईंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. चांगली होती गं. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं, मी केली. नाव निघायला पंधरा दिवस लागतात म्हणे.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले आणि घरातली रीघ अजून संपत नाही. येतात, बसतात, चहाला नको नको म्हणत घेतात आणि तुझ्या आजारपणावर बोलतात. किती सोसलंन, किती धीराची होती, कशी हसतमुख राहिली. परवा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अरे, माझी बायको पन्नास मीटरवर ठासणीची रायफल मारायची, त्याबद्दल बोला की कोणीतरी! मरोळच्या कारखान्यातला माझा जुना जोडीदार शिर्के हळूच म्हणाला, "ती जत्रेत फुगे फोडतात तसली ना?"

काय करू सांग. समजावलं त्याला. फुगे नाही रे बाबा. नळीच्या तोंडातून मोजलेली दारू ओतायची, मग तोंडावर तेल लावलेली चिंधी ठेवायची, चिंधीवर शिशाची गोल गोळी, आणि लाकडी गजानं दोन्ही ठासत तळापर्यंत न्यायचं. मग मागे ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची, घोडा ओढायचा, नेम धरायचा. एका बाराला पाच मिनिटं जातात आणि धूर असा की आपलंच टार्गेट आपल्याला दिसत नाही. शिर्के म्हणाला, "एवढं करून लागतं का पण?" तिथेच तर घोडं पेंड खात होतं गं. बारा वर्षं खात होतं.

तुझे बाबा गेले तेव्हा वाटणीत भावांपैकी कोणालाच ती रायफल नको होती. एकाला जमीन, एकाला कलमं. तू पदर खोचून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माका होयी." त्या दोन शब्दांपायी आपण दोघांनी किती कचेऱ्या झिजवल्या! परवान्यावर दोघांची नावं लागली तेव्हा दहिसरच्या आपल्या बिल्डिंगीत तू पेढे वाटलेस. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं प्राचीचं ठरलं.

आणि मग ती रायफल आपल्या घरात येऊन बसली ती दुसरी मुलगी असल्यासारखी. निवडणूक आली की चौकीत जमा करावी लागायची. तू तिला गोधडीत गुंडाळून द्यायला जायचीस आणि हवालदाराला बजावायचीस, भिंतीला लावून ठेवू नका हं, ओल लागते. परत आणली की आधी नळी पुसायची, मग आपला चहा.

बाबा म्हणायचे ते तू पहिल्याच दिवशी मला ऐकवलं होतंस. "ह्या बंदुकीक तिचा खाणा गावल्याशिवाय ती नीट बोलूची नाय." प्रत्येक नळीची आवड वेगळी. गोळी केवढी, दारू किती, चिंधी कसली, तेल कुठलं, हे जुळलं की पाच गोळ्या एकाच ठिकाणी जाणार. नाही जुळलं तर पाच दिशांना पाच. बाबांना ते खाणं गवसलं होतं, पण त्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. दारूचं माप तेवढं आपल्याकडे आलं, शिंगाचा तो छोटा पेला. बाकी सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

मला काय, आयतंच मिळालं! चौतीस वर्षं मरोळला टूलरूममध्ये तपासनीस म्हणून काढलेला माणूस मी. माप, नोंद, निकाल. मी शंभर पानी वही आणली, रकाने आखले आणि तुला म्हटलं, "हे बघ, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही." तू म्हणालीस, "बरं सर." म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईनं नवऱ्याला सर म्हणावं, यातच काय ते समजून घ्यायला हवं होतं.

पितळेचा साचा मी स्वतः केला, ओळखीच्या एका वर्कशॉपच्या गाळ्यात, रविवारी मशीन रिकामं असताना. शिसं तिथेच वितळवायचो, कारण तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस की माझ्या स्वयंपाकघरात शिसं आणलंत तर तुम्ही आणि शिसं दोघंही बाहेर. चिंधीला कोकमाचं तेल. गावाहून तुझी वहिनी त्याचे गोळे पाठवायची, टाचेच्या भेगांना लावायला म्हणून. तुझ्या भेगा तशाच राहिल्या आणि नळी मात्र तुकतुकीत झाली. दारू मी घरी तोलायचो, छोट्या तराजूवर, पंखा बंद करून, आणि एकेका बाराची दारू होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून बाटलीवर चिठ्ठी लावायचो. तू पेपर वाचता वाचता म्हणायचीस, "शेजारी कोणी विचारलं ना, तर सांगते, हे आत दारू घेऊन बसलेत."

महिन्यातून एका रविवारी मुलुंडच्या पुढे नेमबाजीच्या रेंजवर. तिथल्या सावंतनं आपल्याला सकाळची पहिली वेळ दिलेली, कारण आपला धूर झाला की बाकीचे खोकत बसायचे. गाडीवाल्याला ती लांब पेटी बघून दर वेळी प्रश्न पडायचा. एकदा एकानं विचारलं, "आंटी, गिटार है क्या?" तू म्हणालीस, "हां बेटा, भजन मंडल है." तो मुलुंडपर्यंत तुला त्याच्या आईच्या भजनांविषयी सांगत राहिला आणि तू इतकी छान मान डोलावत ऐकत होतीस की मला खिडकीबाहेर बघून हसू दाबावं लागलं.

सगळं बदलून बघितलं आपण. गोळीचं माप तीनदा बदललं. तीन वेळा साचा नवा! टोप्या बदलल्या. दर बारानंतर नळी पुसून बघितली, न पुसता बघितली. कोकमात मेण घालून बघितलं. वहीची पानं भरत गेली आणि टार्गेटवर भोकं आपली नाचणीच्या पापडाएवढ्या जागेत पसरलेली. तीन जवळ जायची आणि चौथी हमखास उजवीकडे पळायची. त्या चौथीला तू ज्या शिव्या द्यायचीस त्या शाळेतल्या तुझ्या पोरींनी ऐकल्या असत्या तर!

दोनच गोष्टी राहिल्या होत्या, आणि त्या दोन्हींवर आपण दोघं दोन बाजूंना अडून बसलो होतो.

माझं म्हणणं, दारू जास्त होतेय. आगीनं चिंधी जळते, गोळीची पकड सुटते. रेंजवर पुढे पडलेल्या चिंध्या मी वेचून आणायचो, त्यांना भोकं पडलेली असायची. दहा ग्रेन, म्हणजे पाऊण ग्रॅमसुद्धा नाही, एवढी कमी करून बघू, म्हटलं. तू शिंगाच्या पेल्यावर हात ठेवायचीस. "बाबांच्या मापाला हात लावायचा नाही." का नाही? तर नाही. मी म्हणायचो, हे काय शास्त्र झालं? तू म्हणायचीस, "माझ्या बाबांचं झालं."

आणि तुझं म्हणणं, चूक कापडाची आहे. आपण घालतो ते मांजरपाट पातळ पडतं. कधीतरी नाक्याजवळच्या गादीवाल्याकडे जुनी गादी उसवताना तू ते पट्ट्यापट्ट्याचं कापड बघितलंस, चिमटीत धरलंस आणि तुकडा मागून घेऊन आलीस. "हे घाला." मी मायक्रोमीटर काढला. मांजरपाटापेक्षा बरंच जाड. गोळीचं माप, नळीचं माप, मधली जागा, सगळी बेरीज करून दाखवली तुला. म्हटलं, हे बसतच नाही, कागदावरच बसत नाही. अर्ध्या वाटेत गोळी अडकली तर नळी हातातून जाईल. तू कापड माझ्या तोंडासमोर धरून दाबलंस, सोडलंस, परत दाबलंस. "कापड दबता ओ! लोखंड नाय ता!" आणि मग चिडून पूर्ण मालवणीत आलीस. "तुमका कापडातला काय कळता?"

काही कळत नव्हतं. पण मी नापास म्हणून शेरा मारला. वहीत, लाल पेनानं. नवरा-बायकोच्या वहीत लाल पेन वापरणारा मी एकमेव गाढव असेन.

अशी तीन वर्षं गेली गं. तू मला दारू कमी करू दिली नाहीस, मी तुला कापड घालू दिलं नाही, आणि पाच गोळ्या एका जागी जाईनात. बाकी संसारात आपण एवढं कशावर अडलो नाही. प्राचीच्या लग्नाचा हॉलसुद्धा दहा मिनिटांत ठरला होता.

मग तुझं ते सगळं सुरू झालं. ऑपरेशन उजव्या बाजूचं, रायफलचा दस्ता टेकतो नेमक्या त्याच बाजूचं. मी डॉक्टरांना विचारलं, हात वर जाईल ना? ते म्हणाले, हळूहळू. तू मला नंतर ओरडलीस, "आयुष्याचं विचारायचं सोडून हाताचं काय विचारता?" पण घरी आल्यावर भिंतीवर बोटं चढवण्याचा तो व्यायाम तू दिवसातून चारदा करायचीस आणि मला खूण करायला लावायचीस, आज कुठपर्यंत गेलं. ती खूण माझ्या डोक्याच्या वर गेली त्या दिवशी म्हणालीस, "आता रेंजवर."

मी नाही म्हणू शकलो नाही. पण त्या आदल्या दिवशी तराजूसमोर बसलो आणि मला तुझा खांदा दिसायला लागला. आंघोळीनंतर मीच मलम लावायचो ना तिथे. रायफलचा धक्का त्या कातडीवर बसणार. सुलू, मी तुझ्या बाबांचं माप मोडलं. प्रत्येक बाटलीत दहा ग्रेन कमी घातली. आणि चिठ्ठीवर आकडा जुनाच लिहिला.

चौतीस वर्षांत मी एक खोटा आकडा लिहिला नव्हता. साहेबांनी दम दिला, मालकानं गळ घातली, माल परत आला तरी चालेल पण आकडा खरा. त्या दिवशी दहा बाटल्यांवर दहा खोटे आकडे लिहिले, नेहमीच्याच सुबक अक्षरात.

आणि वर आणखी शहाणपणा केला. सकाळी निघताना तू पर्समधून ते गादीचं कापड काढलंस, गोल कापून, कोकम चोळून तयार. ते माझ्या हातावर ठेवलंस. म्हटलं, "घाल बाई. आज तुझ्या मनासारखं." म्हणजे एकाच दिवशी दोन्ही गोष्टी बदलल्या. मीच आखलेला नियम मीच मोडला, आणि त्यातलं एक तुला माहीतच नाही.

गोळी अडकली नाही. गज थोडा नेट लावून गेला, बस्स. पाच बार झाले. सावंतनं दुर्बिणीला डोळा लावला आणि काढेचना. मग म्हणाला, "मावशी, तुम्हीच बघा." आमटीच्या वाटीच्या बुडाखाली झाकतील एवढ्याशा जागेत पाचही भोकं. तीन तर एकमेकांत मिसळलेली. तू दुर्बिणीतून बघितलंस, मागे वळलीस, आणि एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं, ते केस गेलेले दिवस, त्या उलट्या, सगळं तुझ्या तोंडावरून उतरून गेलं. मला पुन्हा ती माका होयी म्हणणारी सुलू दिसली. तू माझ्या पाठीत अस्सा गुद्दा घातलास! "म्हणा आता. म्हणा, सुलभा, तुझं कापड बरोबर होतं."

मी म्हटलं, "एकदाच्या निकालावर मी काही म्हणत नसतो. परत मारून बघू."

"अहो, एवढं आहे समोर!"

"एकदाचं आहे."

तू हसलीस. तुला वाटलं, नेहमीचा हटवादीपणा चाललाय. मला माझं पाप दिसत होतं. माझ्या मते कापडानं काहीच केलं नव्हतं, माझ्या दहा ग्रेननं केलं होतं सगळं. तुला मी खोटं जिंकवलं होतं. पोराशी कुस्ती खेळताना बाप मुद्दाम पडतो ना, तसलं काहीतरी, आणि तेही तुझ्याशी, जिनं उभ्या आयुष्यात कोणाकडून एक मार्क फुकट घेतला नाही! खरं सांगावं तर तुझा तो आनंद जातो. तुझं बरोबर म्हणावं तर आणखी एक खोटं. म्हणून मी गप्प बसलो. ते टार्गेट तू फ्रिजवर लावलंस आणि दूधवाल्यापासून सगळ्यांना दाखवलंस, आणि मी दर वेळी फ्रिज उघडताना खाली बघायचो.

परत मारून बघायला आपण गेलोच नाही. दुखणं उलटलं.

हॉस्पिटलमधली ती दुपार. जेवणाचा ट्रे तसाच पडलेला, तू डोळे मिटून, मी पायाला कोकमाचं तेल चोळत होतो. शेवटी एकदाचं ते भेगांना लागत होतं. तू एकदम डोळे उघडलेस. आवाज बारीक, पण शुद्धीत होतीस पूर्ण. म्हणालीस, "अहो, खरं सांगा. कापडच होतं ना?"

मी काय म्हटलं? म्हटलं, "बरी होऊन घरी चल, मग परत मारून बघू."

मग "बरं" म्हणालीस आणि डोळे मिटलेस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

हे एवढं ओझं घेऊन मी तेरा दिवस पाटावर बसलो. भटजी सांगतील ते केलं, पण मनात एकच. शेवटची एक गोष्ट विचारली हिनं, लाडानं विचारली, नुसतं हो ऐकायला विचारली, आणि मला तेवढंही देता आलं नाही. खरेपणाचा एवढा कसला तोरा? नुसतं हो म्हणायचं होतं रे, माणसा!

परवान्यावर निदान माझं नाव आहे अजून. म्हणून गेल्या रविवारी रेंजवर गेलो. एकटाच. गाडीवाल्यानं पेटीबद्दल काही विचारलं नाही. सावंत पायाला हात लावायला वाकला, म्हटलं, ते राहू दे, वाळूच्या पिशव्या आण. माझा नेम तुला माहीत आहे. पण पिशव्यांवर रायफल टेकवली की माझ्यासारख्यालाही फारसं बिघडवता येत नाही.

आधी एक केलं. मांजरपाटाची चिंधी आणि दारू त्या दिवशीएवढीच, दहा ग्रेन कमी. तुझ्या त्या दिवसातून फक्त कापड काढून घेतलं. माझं खरं असेल तर भोकं एकत्र यायला हवीत. मला खात्रीच होती, खोटं कशाला बोलू. पाच बार काढले. धूर निवल्यावर बघतो तर पापड! तोच पापड, आणि चौथी गोळी उजवीकडे.

मला वाटलं माझाच हात हलला. पुसली नळी, परत पाच. परत पापड.

मग मी तुझं कापड घेतलं. तुझ्या शिवणाच्या डब्यात उरलेल्या गोल चकत्या होत्या, तुझ्याच कात्रीनं कापलेल्या. आणि दारू बाबांच्या पेल्यानं, काठोकाठ. पूर्ण माप. खांद्याला असा धक्का बसला की मला तू आठवलीस, चाळीस किलोची बाई कशी उभी राहायचीस याच्यासमोर! पाच बार झाले. सावंत दुर्बिणीकडे गेला. मी जागचा उठलोच नाही. तो म्हणाला, "काका... मावशींसारखंच आलंय हो."

उठलो, पुढे गेलो, चिंध्या वेचल्या. मांजरपाटाच्या चाळण झालेल्या. तुझ्या चकत्या अख्ख्या गं, नुसती मधे काळी कडी उमटलेली, धुऊन परत वापराव्यात अशा. परत आलो, परत पाच बार काढले, कारण एकदाचं मी मानत नाही. परत वाटीच्या बुडाएवढं. वीस बार झाले तोवर दुपार झाली होती. तेही माझ्या नेमानं! दारूचा काही संबंधच नव्हता. बाबांचं माप बरोबर होतं आणि तुझं कापड बरोबर होतं. मी तुला जिंकवलंच नव्हतं. तू जिंकली होतीस.

तिथे बाकावर बसून मी रडलो, सुलू. बरं वाटून रडलो. सावंत बिचारा पिशव्या उचलायचं सोडून लांब जाऊन उभा राहिला.

जेवायला मुलुंडला प्राचीकडे गेलो. तिनं वरणभात वाढला आणि मी पानावर बसून तिला सगळं सांगितलं. बाटल्या, खोटे आकडे, सगळं. वाटलं पोर चिडेल. ती भाताचा चमचा तसाच हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दारू कमी होती ते. त्या दिवशी रेंजवरून तुम्ही दोघं इथेच आलात ना, तुम्ही झोपलात तेव्हा ती मला म्हणाली. म्हणाली, खांद्याला आज धक्काच बसला नाही गं, ह्यांनी माझ्या बाबांचं माप मोडलंय. मी म्हटलं, मग विचार की त्यांना. तर म्हणाली, नको, ओशाळतील बिचारे, माझ्या खांद्यासाठीच केलंन." प्राचीनं चमचा भातात खोचून ठेवला. "पण बाबा, तिला ते लागलं होतं. म्हणाली, आता ते टार्गेट माझं की ह्यांचं, मला कधी कळायचंच नाही. वेळ बघून एकदा विचारीन म्हणाली."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. अगं, मी समजत होतो तू मला चिडवते आहेस. लाडात येऊन एक हो मागते आहेस. तू खरंच विचारत होतीस! तुला माहीतच नव्हतं. तुझ्या खांद्यानं तुला सांगितलं होतं की माप मोडलंय, आणि तेव्हापासून तू एकटी त्याचा विचार करत होतीस, फ्रिजवर टार्गेट लावून, सगळ्यांना हसून दाखवत. त्याचं उत्तर अख्ख्या जगात एकाच माणसाकडे मिळण्यासारखं होतं. त्याला तू विचारलंस. आणि तो माणूस तुझे पाय चोळत म्हणाला, बरी होऊन घरी चल.

कापडाचं मला तरी कुठे माहीत होतं तेव्हा. पण मी त्याच दिवशी कबूल केलं असतं ना, की दहा ग्रेन कमी होती, तर तू आजारातून उठून, मला ढकलत रेंजवर नेऊन, पूर्ण माप घालून स्वतःच निकाल लावला असतास. तेवढी ताकद तेव्हा होती तुझ्यात. माझ्या गप्प बसण्यानं तुझी ती एक फेरी गेली. त्याची माफी मागतो. आणि सगळं माहीत असूनही तू मला ओशाळू दिलं नाहीस, त्याबद्दल काय म्हणू ते मला सुचत नाही. चाळीस वर्षं तू असंच कितीदा बघून न बघितल्यासारखं केलं असशील, देव जाणे.

आता विचारलंस ते सांगतो. उशीर झाला, पण तपासून सांगतो. बाबांचा पेला काठोकाठ भरला होता, मी स्वतः मोजला. दोन वेळा मारून बघितलं, दोन्ही वेळा तेच.

कापडच होतं, सुलू. कापडच होतं गं.